'देणे' आणि 'मिळणे' : कवकजालाच्या रूपकाचा नैतिक विचार

१

अरण्याविषयीच्या अलीकडच्या लेखनात एक रूपक इतके रुजले आहे, की ते रूपक आहे याचाच वाचकाला विसर पडावा. जमिनीखाली कवकतंतूंचे जाळे पसरलेले असते. त्या जाळ्यातून झाडे परस्परांना अन्न पुरवतात, संकटाची सूचना देतात. जुने, विशाल वृक्ष हे 'मातृवृक्ष' असून सावलीत खुरटणाऱ्या आपल्या रोपांचे ते पोषण करतात, असे हे कथन आहे. पेटर व्होललेबेन या जर्मन वनपालाच्या २०१५ सालच्या पुस्तकाने ते जगभरच्या वाचकांपर्यंत नेले. रिचर्ड पॉवर्स यांच्या 'द ओव्हरस्टोरी' (२०१८) या कादंबरीने त्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली आणि २०१९ साली त्या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ज्यांच्या संशोधनातून हे कथन निघाले त्या सुझान सिमार्ड यांनी २०२१ साली स्वतःच्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'मदर ट्री' हा शब्दप्रयोग केला.

प्रस्तुत लेखाचा विषय वनस्पतिशास्त्र हा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांमधील वादाचा निवाडा करण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला नाही आणि तशी आवश्यकताही नाही. परंतु या वादाचा मोठा भाग प्रयोगशाळेत नसून भाषेत आहे. 'देणे', 'पोसणे', 'सांगणे', 'ओळखणे' या क्रियापदांत तो आहे. उपमेतून 'जणू' केव्हा गळून पडतो या प्रश्नात आहे. तेवढ्यापुरता तो आपला विषय आहे. आणि या भाषिक प्रश्नाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : एखादे कथन सत्कार्याला उपकारक ठरते, एवढ्यावरून ते पुराव्याच्या पलीकडे नेऊन सांगण्याची मुभा आपल्याला मिळते काय?

२

प्रथम, ज्याविषयी फारसे दुमत नाही ते पाहू. वृक्षाची मुळे आणि कवक यांच्या संयोगातून बनलेल्या अवयवाला आल्बेर्ट बेर्नहार्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली 'मायकोरायझा' हे नाव दिले. मराठीत त्याला कवकमूल म्हणता येईल. फ्रांक यांच्याकडे प्रशियाच्या शासनाने सोपवलेले काम होते ट्रफल या मौल्यवान भूमिगत अळंबीची लागवड करता येईल काय, हे पाहण्याचे. ते साधले नाही. परंतु मुळांना वेढणारे कवक झाडाला रोगट करीत नसून त्याच्या पोषणात सहभागी असावे, हा त्या काळी अनेकांना न पटलेला विचार त्यातून निघाला. तो पुढे खरा ठरला. झाड प्रकाशसंश्लेषणातून बनवलेल्या शर्करेचा काही अंश कवकाकडे जातो. मुळांहून कितीतरी बारीक असलेले कवकतंतू जमिनीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून स्फुरद, नत्र आणि पाणी शोषतात आणि त्यांचा काही अंश झाडाकडे येतो. जमिनीवरील बहुसंख्य वनस्पतींचे जीवन अशा संबंधावर उभे आहे.

एकच कवक एकाहून अधिक झाडांच्या मुळांशी जोडलेले असू शकते, हेही मान्य आहे. यापुढची पायरी सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्यांनी बर्च (आपल्या भूर्जाचा हा उत्तर अमेरिकेतील भाऊबंद) आणि डग्लस फर यांची रोपे शेजारी शेजारी वाढवली. एका रोपाला कार्बनचा एक समस्थानिक आणि दुसऱ्याला दुसरा पुरवला, आणि कोणता कार्बन कोठे पोचतो हे मोजले. कार्बन दोन्ही दिशांनी गेला होता; मात्र हिशेब मांडता फरच्या बाजूला शिल्लक पडत होती. फरने स्वतः प्रकाशसंश्लेषणातून घेतलेल्या समस्थानिकाच्या तुलनेत ती सरासरी सुमारे ६ टक्के होती. फरवर सावली अधिक तेथे ही शिल्लकही अधिक. वेगळ्या प्रकारच्या कवकाशी नाते असलेला सीडार शेजारी लावला होता. त्यातही थोडा कार्बन सापडला, परंतु तो कमी असल्यामुळे मुख्य मार्ग कवकतंतूंचाच असावा, असा निष्कर्ष काढला गेला. 'नेचर'ने त्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'वुड-वाइड वेब' हे शब्द छापले. संगणकांचे जागतिक जाळे तेव्हा नुकतेच घराघरांत शिरत होते. रूपकाला याहून अनुकूल मुहूर्त मिळाला नसता.

या प्रयोगाला एक व्यावहारिक पार्श्वभूमी होती आणि ती विसरणे अन्यायाचे होईल. त्या प्रांतात फरसारख्या विक्रीयोग्य झाडांच्या लागवडीतून बर्चला तण मानून काढून टाकले जाई. बर्च हा प्रतिस्पर्धी आहे, तो गेला की फर फोफावेल, हे त्यामागील गृहीत. म्हणजे मातृवृक्षाच्या रूपकाने एखाद्या रिकाम्या जागी प्रवेश केला नाही. तेथे आधीच स्पर्धेचे एक रूपक ठाण मांडून बसले होते आणि त्याच्या आधारे प्रत्यक्ष तोड चालू होती. रूपकाविरुद्ध रूपक, असा हा सामना होता.

३

आता वादाकडे वळू. फेब्रुवारी २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तिघा संशोधकांनी या विषयावरील उपलब्ध क्षेत्राभ्यासांची छाननी प्रसिद्ध केली. तिघेही याच विषयात मुरलेले. जोन्स या तर १९९७ च्या त्या निबंधाच्या सहलेखिका. त्यांचा आक्षेप कवकजालाच्या अस्तित्वावर नव्हता. लोकप्रिय झालेली तीन विधाने त्यांनी तपासायला घेतली. अशी जाळी अरण्यांत सर्वत्र आहेत, हे पहिले. त्यांतून जाणाऱ्या द्रव्यांमुळे रोपांची वाढ सुधारते, हे दुसरे. मोठे वृक्ष आपल्याच संततीला निवडून द्रव्ये आणि सूचना पाठवतात, हे तिसरे. पहिल्या दोन विधानांना क्षेत्राभ्यासांतून मिळणारा आधार तोकडा किंवा संदिग्ध आहे आणि तिसऱ्यासाठी अरण्यात केलेला, समीक्षित होऊन प्रसिद्ध झालेला एकही अभ्यास नाही, असे त्यांना आढळले. त्याहूनही आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की शास्त्रीय निबंधांतच पूर्वीच्या प्रयोगांचे दाखले देताना अनुकूल निष्कर्ष तेवढे उचलण्याची आणि मूळ निबंधात नसलेले विधान त्याच्या नावावर घालण्याची प्रवृत्ती वाढत गेली होती. विज्ञानाच्या अंतर्गत घडलेला हा अपपाठाचा इतिहास होय; पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला तो परिचित वाटावा.

येथे चार कल्पना वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. पहिली जोडणी : दोन झाडांच्या मुळांवर एकच कवक आहे. दुसरी संक्रमण : एकाकडचे द्रव्य दुसऱ्याकडे गेले. तिसरी लाभ : ज्याच्याकडे ते गेले त्याचे त्यामुळे बरे झाले. चौथी हेतू : ज्याच्याकडून ते गेले त्याला ते तसे जावे असे वाटत होते. प्रत्येक पायरीला स्वतंत्र पुरावा लागतो आणि एका पायरीचा पुरावा पुढच्या पायरीला पुरत नाही. डग्लस फरच्या एका अरण्यात ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तुकड्यातील मुळांवरच्या कवकांची जनुकीय ओळख पटवून २०१० साली एक नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात एक वृक्ष इतर ४७ वृक्षांशी संबद्ध दिसतो. हा पुरावा पहिल्या पायरीचा आहे; आणि तोही एका मर्यादेत, कारण एकाच कवकाचे दोन भाग दोन मुळांवर सापडले म्हणजे त्यांमधला तंतू आज अखंड आहे असे सिद्ध होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सुमारे ४० मीटर उंच स्प्रूस वृक्षांना ओळखता येईल असा कार्बन पुरवून केलेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग दुसऱ्या पायरीचा. शेजारच्या बीच, पाइन आणि लार्च यांच्या बारीक मुळांत तो कार्बन सापडला, आणि थोडाथोडका नव्हे. परंतु मुळांत सापडलेला कार्बन झाडाच्या उपयोगी पडला, की मुळांना वेढून असलेल्या कवकाकडेच राहिला, हा तिसऱ्या पायरीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

'मातृवृक्ष रोपाला अन्न देतो' या चार शब्दांच्या वाक्यात या चारही पायऱ्या एका उडीत ओलांडलेल्या आहेत. उडी कोणी मारली? प्रयोगाने नाही. 'देतो' या क्रियापदाने मारली.

४

'देणे' या क्रियापदाकडे म्हणून थोडे बारकाईने पाहावे लागते. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना त्याच्या स्वातंत्र्यावर बोट ठेवले. आणि संप्रदानाचे, म्हणजे ज्याला दिले जाते त्याचे, लक्षण सांगताना कर्माच्या द्वारे कर्त्याला जो अभिप्रेत असतो तो, असे म्हटले. म्हणजे देण्याच्या व्याकरणातच अभिप्राय आहे. वैयाकरणांच्या एका परंपरेने याहीपुढे जाऊन असे मानले, की धोब्याला कपडे 'देणे' हे खरे संप्रदान नव्हे, कारण त्यात स्वत्वाचा त्याग नाही; कपडे परत यायचे आहेत. झाडाकडून कवकाकडे जाणारी शर्करा आणि कवकाकडून झाडाकडे येणारे स्फुरद यांचा विचार करताना हे उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. ते दान, की धोब्याकडे टाकलेले कपडे? आणि अभिप्रायच नसेल तर दोहोंपैकी एकही कसे?

यावर कोणी म्हणेल, की भाषेला इतका काटेकोरपणा मानवत नाही. वैयाकरणांनीच 'भांडे शिजवते' असा प्रयोग मान्य केला आहे. हे खरे आहे. परंतु तो मान्य करताना त्यांनी त्याचे कारण भांड्यात शोधले नाही, वक्त्याच्या विवक्षेत शोधले. भांड्याला कर्तेपण बोलणारा देतो. 'वृक्ष देतो' हा प्रयोगही तसाच निर्दोष आहे, जोवर कर्तेपण आपण दिले आहे याचे स्मरण आहे तोवर.

मराठीत या ठिकाणी दुसरे एक क्रियापद उपलब्ध आहे : 'मिळणे'. 'रोपाला कार्बन मिळाला' या वाक्यात ज्याला मिळाले तो आहे, जे मिळाले ते आहे. देणारा नाही, आणि तो असावाच अशी वाक्याची मागणीही नाही. पाऊस मिळतो, ऊन मिळते, निवारा मिळतो. विशेष म्हणजे याच क्रियापदाचा दुसरा अर्थ एकत्र येणे असा आहे. दोन नद्या मिळतात तेव्हा कोणी कोणाला पाणी दिले, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. प्रयोगांनी आजवर जे दाखवले आहे त्याला 'मिळणे' पुरेसे आहे. 'देणे' हे आपले भाष्य आहे.

'सहजीवन' या संज्ञेचेही असेच झाले आहे. आंटोन द बारी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी संज्ञा रूढ केली, तिचा अर्थ भिन्न जातीच्या जीवांचे एकत्र राहणे एवढाच होता. एकाने दुसऱ्याला पोखरून जगणे हेही त्यात बसत होते. मराठीत मात्र 'सहजीवन' म्हटले की घर, दांपत्य, एकमेकांना सांभाळून घेणे हा सगळा परिमळ त्याबरोबर येतो. पारिभाषिक शब्द निवडताना आपण नकळत एक नैतिक निवाडाही करून टाकतो.

५

असा निवाडा किती सहज होतो, हे एका वनस्पतीच्या उदाहरणावरून दिसेल. मोनोट्रोपा ही हरितद्रव्य नसलेली, फिकट देहाची वनस्पती युरोपातील अरण्यांत वृक्षांखाली उगवते. ती स्वतः अन्न बनवू शकत नाही. एरिक ब्यॉर्कमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जवळच्या वृक्षांमध्ये किरणोत्सारी कार्बन असलेली शर्करा सोडली आणि तो कार्बन मोनोट्रोपाच्या देहात सापडला. वाटेत होते दोहोंना सामाईक असलेले कवक. त्यांनी या वनस्पतीला एका प्रकारची परोपजीवी ठरवले.

मार्ग तोच, द्रव्य तेच, मध्यस्थही कवकच. परंतु फरच्या रोपात कार्बन सापडला की तो वात्सल्याचा पुरावा, आणि मोनोट्रोपात सापडला की चोरीचा. फरक निसर्गात नाही. एकात पोचलेल्या कार्बनचे आपण मूल केले, दुसऱ्यात पोचलेल्याचे बांडगूळ केले. कथेच्या गरजेप्रमाणे भूमिका वाटल्या गेल्या.

भूमिकावाटपाचा हा खेळ एकाच बाजूने चालतो असे नाही. मातेच्या रूपकाशेजारीच वाण्याचे रूपक नांदते आहे. 'जैविक बाजार' ही संकल्पना १९९४ साली मांडली गेली. आणि २०११ साली टोबी कीर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की अधिक स्फुरद पुरवणाऱ्या कवकाकडे वनस्पतीकडून अधिक शर्करा जाते आणि अधिक शर्करा पुरवणाऱ्या मुळाकडे कवकाकडून अधिक स्फुरद जाते. तेथे भाषा आहे भागीदार, मोबदला, सौदा यांची. एकाच मातीत एकाला कुटुंब दिसते, दुसऱ्याला पेठ. याआधी शतकभर हेच झाले होते. टी. एच. हक्सली यांना १८८८ साली निसर्गात झगडा दिसला. त्यांना उत्तर म्हणून प्योत्र क्रोपोत्किन यांनी लिहिलेल्या आणि १९०२ साली ग्रंथरूपाने आलेल्या लेखनात सायबेरियातील निरीक्षणांच्या आधारे परस्परसाहाय्य दिसले. या दृष्टींपैकी कोणतीही पूर्णतः खोटी नाही. परंतु प्रत्येकीने निसर्गाला आपल्या समाजविचाराचा साक्षीदार म्हणून उभे केले, आणि साक्षीदाराने काय सांगायचे ते आधी पढवून ठेवले.

या दोन्ही रूपकांत एका पक्षाची दखल घेतली जात नाही, तो म्हणजे कवक. मातेच्या कथेत ते वाट आहे, तार आहे, नाळ आहे. स्वतंत्र जीव नाही. वस्तुतः शर्करेचा पहिला ग्राहक तेच आहे, त्याचे स्वतःचे जगणे-मरणे त्यावर ठरते. एका झाडाकडून दुसऱ्याकडे काही गेले असेल तर ते त्याच्या देहातून गेले आहे. मध्यस्थाचा देह ही मोकळी वाट नव्हे, हे ज्यांनी भाषांतरमीमांसेचा विचार केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आणि 'माता'? डग्लस फरच्या एकाच वृक्षावर नर शंकू आणि मादी शंकू दोन्ही येतात. म्हणजे जो वृक्ष काही रोपांची माता म्हणवेल तोच दुसऱ्या काही रोपांचा पिता असतो. तरीही पितृवृक्ष कोणाच्या मनात आला नाही. बिनबोभाट देत राहणे, स्वतः झिजून इतरांना वाढवणे, हे गुण दिसल्याबरोबर शब्द सुचला तो 'माता'. स्त्रीवादी समीक्षेने ज्या आदर्शाची चिरफाड केली, तो आदर्श आता 'निसर्गाचाच नियम' असल्याच्या थाटात अरण्यातून परत येतो आहे. आईने न मागता द्यावे, ही अपेक्षा समाजाने निसर्गावर लादली. आता ती निसर्गाकडून समाजाकडे दाखल्यासह परत येते.

६

येथवर केलेल्या टीकेवरून कोणी असे समजेल की वृक्षांवर चैतन्याचा आरोप करणे हीच मुळात चूक आहे. तसे म्हणणे म्हणजे काव्याचाच उच्छेद होय. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात आश्रमातील वृक्ष शकुंतलेला रेशमी वस्त्र देतात, पाय रंगवायला अळिता देतात. त्या वेळी गौतमीच्या मनात शंका येते, की ही कण्वांच्या तपाची किमया तर नव्हे? म्हणजे नाटकातल्या पात्रालाही ही गोष्ट नित्याची वाटत नाही. आणि जी शकुंतला झाडांना पाणी घातल्याखेरीज स्वतः पाणी पीत नाही, तिच्या निरोपाला झाडांनी काही द्यावे, यातला भाव वाचकाला पटतो. कारण तो वनस्पतिशास्त्राचा सिद्धान्त म्हणून पुढे आलेला नाही.

आलंकारिकांनी या भेदाला नेमके नाव दिले आहे. रूपकातला आरोप 'आहार्य' असतो : तो खरा नाही हे जाणून, बुद्धिपुरस्सर केलेला असतो. मुख चंद्र नव्हे हे ठाऊक असलेलाच मुखाला चंद्र म्हणू शकतो. ते ज्याला खरोखरच चंद्र वाटते, त्याच्या बोलण्यात भ्रान्ती असते. भ्रान्तिमान अलंकाराचा विषयच ती भ्रान्ती आहे, पण तिथेही भ्रम पात्राचा असतो, कवीचा नसतो. उत्प्रेक्षेत 'जणू' असते, रूपकात ते लोपते, अतिशयोक्तीत उपमेयच उपमानाने गिळलेले असते. 'जणू आईसारखे' येथून 'मातृवृक्ष' आणि तेथून नुसती 'माता', असा हा प्रवास अलंकारशास्त्राच्या चौकटीत सहज मांडता येतो. काव्यात ही प्रत्येक पायरी निर्दोष आहे. दोष घडतो तो आहार्यत्व हरवते तेव्हा. ज्या लेखनावर वाचक शास्त्र म्हणून विश्वास ठेवतो त्या लेखनात कवीचा आरोप निरीक्षण म्हणून नोंदला जातो तेव्हा. रस्किनने १८५६ साली भावाभासाची जी कल्पना मांडली तीत निसर्गाला आपल्या भावनांचा रंग देणाऱ्या मनाची चर्चा आहे. येथील प्रश्न त्याहून वेगळा आहे. येथे रंग मनाने दिला, हे सांगणारी खूणच पुसली गेली आहे.

७

आता पूर्वपक्ष त्याच्या सर्व बळानिशी मांडला पाहिजे. तो असा : अरण्ये तोडली जात आहेत. माणसे आकडेवारीने हलत नाहीत, कथेने हलतात. मातृवृक्षाच्या कथेने लाखो वाचकांना झाडाकडे लाकूड म्हणून न पाहता जीव म्हणून पाहायला शिकवले. रॉबिन वॉल किमरर यांनी 'ब्रेडिंग स्वीटग्रास' (२०१३) मध्ये असा विचार मांडला आहे, की ज्या भाषेत झाड ही निर्जीव वस्तू ठरते तिच्यात त्याचे शोषण सोपे होते. त्यांच्या पूर्वजांच्या पोटावाटोमी भाषेत झाडे सजीवांच्या व्याकरणात येतात. मग पुराव्यापलीकडे जाणारे एखादे क्रियापद इतके मोठे पाप आहे काय? आणि त्यावर बोट ठेवणारा लाकूडतोड्याच्या हाती कुऱ्हाड देत नाही काय?

हा आक्षेप गंभीर आहे. त्याला तीन उत्तरे संभवतात.

पहिले : व्याकरण झाडाला वाचवत नाही. मराठीत 'तो वृक्ष', 'ती वेल' असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. सुभाषितांनी झाडाला परोपकारी सत्पुरुषाच्या आसनावर बसवले : स्वतः उन्हात उभे राहून ते दुसऱ्याला सावली देते. ही सुभाषिते पाठ असलेल्या समाजानेही आपली अरण्ये तोडली. उलट, झाडाच्या परोपकाराचे स्तोत्र हे त्याच्याकडून घेत राहण्याचे समर्थनही ठरू शकते. जो देण्यासाठीच जन्मला आहे, त्याच्याकडून घेण्यात संकोच कसला?

दुसरे : ही कथा एका विशिष्ट अरण्याची आहे. डग्लस फर, बर्च, स्प्रूस, बीच हे मुळांभोवती आवरण करणाऱ्या कवकांशी जोडलेले समशीतोष्ण प्रदेशातले वृक्ष आहेत. उष्ण कटिबंधातील, आणि म्हणून सह्याद्रीतीलही, बहुतेक वृक्षांचे नाते मुळांच्या पेशींत शिरणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या कवकांशी असते. वर सांगितलेले प्रयोग त्यांच्यावर झालेले नाहीत. एका अरण्याची अर्धीमुर्धी तपासलेली कथा सर्व अरण्यांची म्हणून सांगितली, तर ज्या अरण्याची कथा अजून कोणी ऐकलेलीच नाही ते गप्प बसवले जाते.

तिसरे उत्तर नैतिक आहे आणि या लेखाचा भर त्यावर आहे. अरण्य दयाळू आहे म्हणून ते राखले पाहिजे, असे म्हणताच अरण्याचा जगण्याचा हक्क त्याच्या चारित्र्याच्या दाखल्यावर अवलंबून राहतो. उद्या एखाद्या प्रयोगाने दाखवले, की झाडे परस्परांना काही देत नाहीत, कवक आपला फायदा पाहते आणि रोपे मोठ्या झाडांच्या सावलीत मरतात, तर तो हक्क संपेल काय? संपू नये, असेच आपण सारे म्हणू. मग तो हक्क मुळात दयाळूपणावर उभाच नव्हता. जे कथन आपल्या सत्कार्याला प्रयोगाच्या निकालाशी बांधून टाकते, ते त्या कार्याचा आधार नसून ओलीस आहे. कुऱ्हाड कोणाच्या हाती जात असेल, तर ती कथा खोटी ठरण्याच्या क्षणी जाईल. टीकेने तो क्षण अलीकडे आणला एवढेच.

शिवाय या कथेची आपल्याला एवढी ओढ का, हेही विचारले पाहिजे. मार्सेल मॉस यांनी १९२५ साली दाखवले, की मानवी समाजात दान कधीच निखळ नसते. ते घेणाऱ्याला परतफेडीच्या बंधनात टाकते. देरिदांनी १९९१ साली तो विचार टोकाला नेला : दान हे दान म्हणून ओळखले गेले, की त्याच क्षणी ते देवघेवीत शिरते, म्हणून निर्भेळ दान अशक्य. गीतेनेही सात्त्विक दानाची व्याख्या उलट उपकार न करणाऱ्याला दिलेले दान अशी करून ही अडचण ओळखली आहे. माणसांत अशक्य ठरलेला निर्भेळ दाता आपण अखेर झाडात शोधतो. झाडाला आपण देत आहोत हे ठाऊक नसते, म्हणून ते अपेक्षा ठेवत नाही. परंतु ज्याला आपण देत आहोत हे ठाऊक नाही, तो 'देत' तरी कसा आहे? मातृवृक्षाला चांगले ठरवायचे तर त्याला मन हवे. निरपेक्ष ठरवायचे तर मन नको. रूपक एकाच वेळी दोन्ही मागते. आपल्याला जे स्वतःला जमत नाही ते करणारे कोणीतरी असावे, ही ती मागणी आहे. समजण्याजोगी आहे, पण तिचे उत्तर मातीत सापडणार नाही.

८

यातून समीक्षेसाठी काही निघते काय? निघते, आणि ते सोयीचे नाही. गेल्या काही दशकांत समीक्षेनेही जाळ्याची भाषा उचलली आहे. देल्यूझ आणि ग्वात्तारी यांच्या 'कंद' या कल्पनेपासून आंतरसंहितेच्या चर्चेपर्यंत आपण संहितांना एकमेकींशी जोडत आलो. परंतु दोन संहितांत साम्य आहे, एकीतून दुसरीत काही आले, त्याने दुसरी समृद्ध झाली आणि लेखकाचा तसा हेतू होता, ही चार विधाने आहेत. 'अमुक कवीने तमुक कवीला दिलेला वारसा' या शब्दांत आपण ती चारही एका दमात उच्चारतो. परंपरेला माता म्हणताना, वारशाला दान म्हणताना आपल्या हातीही बहुधा जोडणीचाच पुरावा असतो. अरण्यशास्त्रज्ञांनी स्वतःच्या दाखल्यांची जशी छाननी केली, तशी आपण आपल्या प्रभाववादी विधानांची किती वेळा केली आहे?

१९९७ च्या निबंधाच्या एका सहलेखिकेने २०२३ साली, त्या निबंधावर रचल्या गेलेल्या कथनाला पुराव्यापुरते आवरण्याच्या कामात भाग घेतला, ही या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आपल्याच कामातून जन्मलेली लोकप्रिय कथा नाकारण्यात लाभ काहीच नसतो. तेथे अभिप्राय आहे, स्वत्वाचा त्याग आहे आणि परतफेडीची शक्यता नाही. 'देणे' हे क्रियापद वापरायचे असेल तर ते अशा ठिकाणी निःशंकपणे वापरता येते. झाडांच्या बाबतीत 'मिळणे' पुरेसे आहे. जमिनीखाली मुळे आणि कवक मिळतात, आणि त्या मिळण्यातून काहींना काही मिळते. एवढ्यावर अरण्य उभे आहे. ते राखायला याहून अधिक कारण आपल्याला लागू नये.